चेहऱ्याला लेप लावण्याआधी: आहार आणि घरगुती घटकांनी त्वचेची काळजी, अगदी पहिल्यापासून

त्वचेची काळजी घ्यायची म्हटलं की बहुतेक जण थेट लेपापासून सुरुवात करतात. लेप लावायला मजा येते, धुतल्यावर चेहरा तुकतुकीत दिसतो आणि दोन दिवसांत सगळं पुन्हा जैसे थे. मग दुसरा लेप, मग तिसरा. या लेखातला क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे: आधी त्वचेला त्रास देणं थांबवायचं, मग रोजची साधी निगा, मग ताट आणि सगळ्यात शेवटी लेप. लेपांना कमी लेखायचा हेतू नाही. त्यांचं काम मर्यादित आहे, आणि ती मर्यादा माहीत असली की ते खरंच उपयोगी पडतात.

थोडी तोंडओळख

त्वचेचा सगळ्यात वरचा थर जेमतेम १० ते २० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे फार तर मिलिमीटरचा पन्नासावा भाग. मृत पेशींच्या विटा आणि त्यांच्यामध्ये सिरॅमाइड (त्वचेतला एक स्निग्ध पदार्थ), कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांचं सिमेंट, अशी ही भिंत आहे. आतलं पाणी बाहेर उडून जाऊ द्यायचं नाही आणि बाहेरचं नको ते आत शिरू द्यायचं नाही, ही तिची दोन कामं. ती शाबूत असली की चेहरा नितळ दिसतो. खरवडली गेली की पाणी उडतं, आग होते, खाज सुटते आणि कालपर्यंत सोसत असलेलं क्रीमही झोंबायला लागतं.

तीन आकडे लक्षात ठेवले तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

पहिला पीएचचा. पीएच ही आंबटपणा मोजायची पट्टी: अंक जितका लहान तितका आंबटपणा जास्त. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, साधारण ४.५ ते ५.५. साध्या अंगाच्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा ८ च्या वर आणि लिंबाच्या रसाचा २ च्या आसपास. या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. लिंबाचा रस त्वचेपेक्षा किती पटींनी जास्त आंबट आहे, याचा हिशोब तुम्हीच करून बघा.

दुसरा आकडा ५०० डाल्टन. रेणूचं वजन याहून जास्त असेल तर तो धडधाकट त्वचेतून सहसा आत जात नाही. त्वचेला घट्टपणा देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाच्या रेणूचं वजन सुमारे ३ लाख डाल्टन असतं. त्यामुळे कोलॅजनचं क्रीम लावलं तर ते वरच बसतं, थोडा ओलावा धरून ठेवतं आणि धुतलं की जातं. आतल्या कोलॅजनमध्ये त्यामुळे काडीचीही भर पडत नाही.

तिसरा आकडा दिवसांचा. तरुण वयात वरच्या पेशी बदलायला साधारण २८ दिवस लागतात. वय वाढतं तसा हा काळ ४० दिवसांच्याही पुढे जातो. म्हणून कुठलाही बदल चार ते सहा आठवड्यांआधी जोखायचा नाही, आणि आहारातला असेल तर दोन-तीन महिने तरी द्यायचे. 'सात दिवसांत उजळ त्वचा' असं कुठे वाचलंत तर हा आकडा आठवा.

पायरी १: दोन आठवडे जवळपास काहीच करू नका

ऐकायला विचित्र वाटेल, पण नवख्यांसाठी ही सगळ्यात मोलाची पायरी आहे. स्क्रब, लेप, पील (आम्लाने वरच्या मृत पेशी काढणारं द्रव्य), सुगंधी टोनर, वाफ घेणं, सगळं बाजूला ठेवा. सौम्य फेसवॉश, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन, एवढंच चालू ठेवा. डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र बंद करायचं नाही. 'माझी त्वचा फार संवेदनशील आहे' असं म्हणणाऱ्या पुष्कळ लोकांची त्वचा मुळात तशी नसते, ती फक्त दमलेली असते. दोन आठवड्यांत लाली आणि जळजळ कमी झाली तर त्रास कुठून येत होता ते कळलंच.

याच काळात त्वचेचा प्रकार बघून घ्या. संध्याकाळी कोमट पाण्याने चेहरा धुवा, टिपून घ्या आणि तासभर काहीही लावू नका. नंतर उजेडात आरशासमोर उभे राहा. बोलताना, हसताना गाल ताणल्यासारखे वाटत असतील आणि नाकपुड्यांच्या कडेला बारीक पापुद्रे दिसत असतील तर त्वचा कोरडी. कपाळ, नाक आणि हनुवटी चमकत असेल पण गाल तसे नसतील तर मिश्र. सगळीकडे टिपकागद ओला होईल इतकं तेल असेल तर तेलकट. एक चौथा प्रकार मात्र लोकांच्या लक्षात येत नाही: वर तेल चमकतंय आणि आतून ओढल्यासारखं होतंय. ही बहुधा जास्त धुतलेली तेलकट त्वचा असते. तिला आणखी 'तेल काढणारा' लेप लावणं म्हणजे आगीत तेल ओतणं.

पायरी २: रोजची निगा, थोडक्यात

दिवसातून दोनदा धुणं पुरेसं आहे, तेही कोमट पाण्याने. गरम पाणी त्वचेवरचं स्निग्ध सिमेंट धुऊन नेतं. चेहरा पूर्ण कोरडा होण्याआधी, म्हणजे थोडा दमट असतानाच मॉइश्चरायझर लावा.

तेल लावायचं असेल तर तेलातेलांत फरक असतो. 'नैसर्गिक आहे ना, मग कुठलंही चालेल' हे खरं नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रौढांच्या हातावर काही आठवडे ऑलिव्ह तेल लावलं गेलं. त्यांची वरची भिंत कमकुवत झाली आणि सौम्य लालीही आली. सूर्यफुलाच्या तेलाने मात्र ती टिकून राहिली. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल भरपूर असतं आणि ते त्या सिमेंटची रचना विस्कटतं. सूर्यफुलात लिनोलेइक आम्ल जास्त, जे त्वचेला सिरॅमाइड बनवायला हवंच असतं. खोबरेल तेल कोरड्या हातापायांना छान. पण मुरमं येणाऱ्या चेहऱ्यावर ते छिद्रं बुजवू शकतं, म्हणून तिथे टाळलेलं बरं.

सनस्क्रीनला स्वयंपाकघरात पर्याय नाही, हे स्पष्टच सांगते. कुठलंही बियांचं तेल, कोरफड किंवा हळद एसपीएफ ३० च्या जवळपासही जात नाही. एसपीएफ ३० नीट लावलं तर अतिनील बी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडतात. ए किरणांसाठी डब्यावर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' लिहिलेलं हवं, कारण ते खिडकीच्या काचेतूनही आत येतात. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीएवढ्या दोन रेघा घ्या आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. डाग घालवायला महिनोन् महिने लेप लावायचे आणि उन्हात उघड्या चेहऱ्याने फिरायचं, याला काही अर्थ नाही.

पायरी ३: ताटात काय हवं

अन्नाचा त्वचेशी किती जवळचा संबंध आहे हे कळायला स्कर्व्ही हा क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार बघावा. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टराने आजारी पडलेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. ज्या दोघांना रोज संत्री आणि लिंबू मिळालं ते आठवड्याभरात उठून कामाला लागले. या आजारात केसांच्या मुळाशी रक्ताचे ठिपके येतात, हिरड्यांतून रक्त येतं, जुन्या भरलेल्या जखमा पुन्हा उघडतात. क जीवनसत्त्वाशिवाय शरीराला कोलॅजन नीट विणता येत नाही आणि जुनं कोलॅजन तर सतत झिजतच असतं. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ७५ ते ९० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. एक मध्यम पेरू ही गरज सहज भागवतो, लाल ढोबळी मिरचीही भागवते, एक संत्रं बऱ्यापैकी जवळ नेतं. मात्र हे जीवनसत्त्व उष्णतेने आणि पाण्यात विरघळून कमी होतं, तेव्हा रोज काहीतरी कच्चं पोटात जाऊ द्या. म्हणजे गंमत बघा, जे लिंबू चेहऱ्यावर चोळून लोक त्वचा भाजून घेतात तेच पिळून खाल्लं तर त्वचेच्या कामी येतं.

दुसरी गोष्ट स्निग्ध पदार्थांची. वजन कमी करायचं म्हणून जेवणातून तेल हद्दपार करणाऱ्यांनी १९२९ चा एक प्रयोग ऐकावा. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना पूर्ण स्निग्धविरहित आहारावर ठेवलं. त्यांची कातडी खवल्यांसारखी झाली, शेपटी सुजून सोलवटली. थोडं लिनोलेइक आम्ल मिळाल्यावर ते सावरले. हे आम्ल शरीर स्वतः बनवू शकत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं. सूर्यफूल, तीळ, शेंगदाणे, अक्रोड यांत ते असतं. ओमेगा ३ साठी जवस, अक्रोड किंवा तेलकट मासे. जवस थोडे भाजून, कुटून खा. अख्खे दाणे बऱ्याचदा जसेच्या तसे बाहेर पडतात.

प्रथिनांचं सांगायला हवं का? केस, नखं आणि त्वचा मुळात प्रथिनांचीच. डाळी, कडधान्यं, दूध, अंडी, मासे, जे चालत असेल ते प्रत्येक जेवणात थोडं हवं. उपासमारीचं डाएट केलं की दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात आणि तोवर आपण डाएट विसरून शाम्पूला दोष देत असतो.

अ जीवनसत्त्व कमी पडलं तर दंडांवर, मांड्यांवर खरखरीत पुरळ येऊ शकतं. गाजर, रताळं, भोपळा, गडद हिरव्या पालेभाज्या यांतून शरीर ते हवं तेवढंच बनवतं, म्हणून भाज्यांतून ते अति होण्याची भीती नाही. खूपच गाजरं खाल्ली तर तळहात पिवळसर दिसतात एवढंच. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहतो, त्यावरून कावीळ नाही हे ओळखता येतं. जस्ताची गरज दिवसाला ८ ते ११ मिलिग्रॅम. भोपळ्याच्या बिया, तीळ, कडधान्यं आणि मांसाहारातून ती भागते. ओठांचे कोपरे वारंवार चिरत असतील तर ब गटातली जीवनसत्त्वं किंवा लोह कमी आहे का ते बघावं.

आता मुरमं. तेलकट खाल्लं की मुरमं येतात असं आपण ऐकत आलो, पण आतापर्यंतचा पुरावा तेलापेक्षा साखर आणि मैद्याकडे जास्त बोट दाखवतो. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयाच्या ४३ मुलांवर १२ आठवड्यांचा अभ्यास झाला. ज्यांच्या जेवणात रक्तातली साखर भराभर वाढवणारे पदार्थ कमी केले होते त्यांची मुरमं दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाली. साखर झपाट्याने वाढली की इन्सुलिन वाढतं, त्याच्या जोडीने वाढीचं एक संप्रेरकही, आणि ही दोन्ही तेलग्रंथींना कामाला लावतात. दुधाचं चित्र एवढं स्पष्ट नाही: दूध जास्त पिणाऱ्यांत मुरमं थोडी जास्त दिसतात, पण दुधामुळेच येतात असं सिद्ध झालेलं नाही. व्यायामशाळेत जाणारी मुलं व्हे प्रथिनाची पावडर सुरू करतात आणि पाठीवर मुरमं उठतात, अशा नोंदी मात्र आहेत. चॉकलेटला निर्दोष ठरवणारा १९६९ चा एक गाजलेला अभ्यास होता. त्यात तुलनेसाठी दिलेल्या वडीतही चॉकलेटइतकीच साखर आणि चरबी होती, शिवाय पैसा चॉकलेट उत्पादकांच्या संघटनेकडून आला होता! तेव्हा सरळ उपाय असा: गोड पेयं आणि मैद्याचे पदार्थ तीन महिने कमी करून बघा. फरक पडला तर उत्तम; नाही पडला तर दूध दोन-तीन महिने बंद करून बघा. दोन्ही एकदम बंद केलंत तर कशामुळे काय झालं ते कधीच कळणार नाही.

पाणी तहानेप्रमाणे प्या. तहान भागल्यावर वरून आणखी तीन बाटल्या रिचवल्याने चेहरा तजेलदार होतो, याला भक्कम आधार नाही.

गोळ्या आणि पावडरींबद्दल माझं मत थोडं कडक आहे. शरीरात कमतरता असेल तर त्या औषध आहेत. नसेल तर बहुतेक वेळा महाग लघवी. बायोटिनची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅम आणि बाजारातल्या गोळ्यांत ते ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम. एवढ्या बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात त्या ट्रोपोनिनच्या तपासणीचे आकडेही चुकीचे येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. जस्त दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर फार काळ घेतलं तर तांब्याची कमतरता होते. अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या गरोदरपणात बाळाला घातक ठरू शकतात. कोलॅजन पावडर पोटात गेली की तिचे तुकडे होतात. त्वचेचा ओलावा किंचित वाढल्याचं काही चाचण्यांत दिसलं आहे, पण त्यांतल्या बऱ्याच चाचण्या उत्पादकांच्याच पैशावर झाल्या आहेत.

पायरी ४: लेप निवडणं

घरचा लेप तीन कामं करू शकतो: ओलावा देणं, वरचं जास्तीचं तेल शोषून घेणं आणि चुरचुरणाऱ्या त्वचेला थोडा आराम देणं. चौथं एक अर्धवट काम म्हणजे वरच्या मृत पेशी हलकेच सैल करणं. जुने डाग, खड्डे, सुरकुत्या आणि त्वचेचा मूळ रंग लेपाने बदलत नाहीत.

एकाच पदार्थाने सुरुवात करायची असेल तर ओट्स घ्या. बारीक दळलेल्या ओट्सना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३ मध्ये त्वचेचं रक्षण करणारा घटक म्हणून मान्यता दिली. त्यातलं बीटा-ग्लुकन पाणी धरून ठेवतं आणि अ‍ॅव्हेनॅन्थ्रामाइड नावाची द्रव्यं खाज, लाली कमी करतात. बिनसाखरेचे, बिनस्वादाचे साधे ओट्स मिक्सरमध्ये अगदी बारीक करा. दळण जमलं की नाही ते असं बघा: ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर पीठ टाकून ढवळायचं. पाणी दुधासारखं पांढुरकं झालं आणि पीठ लगेच तळाशी बसलं नाही तर बरोबर. बसलं तर पुन्हा फिरवा. दोन चमचे पिठात साधारण तीन चमचे कोमट पाणी घालून पाच मिनिटं ठेवा. मिश्रण बुळबुळीत झालं की लावायला तयार. कोरड्या त्वचेसाठी यात अर्धा चमचा मध घालावा. मध ओलावा ओढून धरतो, शिवाय त्यातल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे) हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत असल्याने जंतूंना तो फारसा मानवत नाही.

तेलकट त्वचेला मुलतानी माती. ती तेल शोषते हे खरं, पण तिला तेल आणि पाणी यांतला भेदभाव कळत नाही. म्हणून ती पूर्ण वाळू द्यायची नाही. नीट बघितलंत तर मातीच्या लेपाच्या तीन अवस्था दिसतात: आधी ओला, गडद आणि चकचकीत, मग कडांना फिका, बोट लावलं तर किंचित चिकटणारा, शेवटी पांढरा, तडे गेलेला. दुसऱ्या अवस्थेतच धुवायचा. तडे जाईपर्यंत बसून राहणं हा जुना हट्ट आहे; त्या वेळी माती तुमच्या त्वचेतलंच पाणी ओढत असते. चेहरा ताणल्यासारखा वाटला म्हणजे 'त्वचा घट्ट झाली' असं नाही, लेप आक्रसला एवढंच.

निस्तेज त्वचेसाठी साधं बिनसाखरेचं दही चालतं. त्यात लॅक्टिक आम्ल असतं, पण जेमतेम एक टक्क्याच्या आसपास. दुकानातली पील ५ टक्के किंवा त्याहून वरची असतात. म्हणजे दह्याचा परिणाम सौम्य, आणि नवख्यासाठी तेच बरं. पिकलेल्या पपईबद्दल बरंच ऐकायला मिळतं. तिच्यातलं पॅपेन हे विकर प्रथिनं तोडतं, मात्र ते जास्त असतं कच्च्या पपईच्या चिकात आणि तो चीक त्वचेला जाळतो. रबराच्या हातमोज्यांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी पपई चेहऱ्याला लावूच नये.

कोरफडीचं पान कापलं की कडेने पिवळा चीक पाझरतो. तोच अंगावर पुरळ आणतो. पान उभं करून १०-१५ मिनिटं निथळू द्या, साल काढा, आतला पारदर्शक गर पाण्याखाली धरून धुवा आणि मग वापरा. हळद चिमूटभर चालेल, पण पिवळेपणा दोन दिवस हटत नाही आणि काहींना तिची अ‍ॅलर्जी असते. काकडी गार वाटते, तिच्यात ९५ टक्के पाणीच आहे. डोळ्यांवर ठेवून पडून राहायला छान, त्यापलीकडे अपेक्षा नको.

मुरमांसाठी नैसर्गिक म्हणावं असं आणि चाचणीत टिकलेलं एक नाव म्हणजे टी ट्री तेल. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ५ टक्के टी ट्री जेलने मुरमांवरच्या बेंझॉइल पेरॉक्साइड या नेहमीच्या औषधाच्या ५ टक्के मात्रेसारखाच फरक पडला, फक्त हळू, आणि त्रासही कमी झाला. इथे ५ टक्के हा शब्द महत्त्वाचा. बाटलीतलं शुद्ध तेल तसंच थापलं तर भाजतं. घरी मोजमाप करत बसण्यापेक्षा तयार जेल घ्यावं.

पायरी ५: चाचणी, जी सगळे टाळतात

कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर मिश्रण लावा. चेहऱ्यावर ठेवणार तेवढाच वेळ ठेवून धुवा. दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस. एकदा लावून चोवीस तास बघणं पुरत नाही, कारण संपर्कातून येणारी अ‍ॅलर्जी बऱ्याचदा काही दिवसांनी डोकं वर काढते. कंटाळवाणं आहे, मान्य. पण सुजलेला चेहरा घेऊन बसण्यापेक्षा बरं.

इसब असलेल्यांनी आणि ज्यांच्या घरात खाण्याच्या अ‍ॅलर्जी आहेत त्यांनी इथे जास्तच सावध राहावं. फुटलेल्या त्वचेतून अन्नातली प्रथिनं आत गेली तर शरीर त्यांना शत्रू समजायला शिकू शकतं. जपानमध्ये २०११ च्या सुमारास असंच एक प्रकरण गाजलं: चेहऱ्याच्या एका साबणात गव्हाचं प्रक्रिया केलेलं प्रथिन होतं. तो वापरणाऱ्या दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची अ‍ॅलर्जी झाली. साबण लावण्याआधी यांतले बहुतेक जण आरामात पाव, नूडल्स खात होते. त्यामुळे भेगाळलेल्या किंवा ओल्या इसबावर शेंगदाणे, बदाम, गहू, दूध, अंडं यांतलं काहीही थापू नका.

पायरी ६: लावणं आणि काढणं

वाटी, चमचा, हात स्वच्छ. एका वेळेपुरतंच कालवा. पाणी आणि फळं असलेल्या मिश्रणात जंतू भराभर वाढतात आणि आपल्याकडे त्यात टिकाऊ द्रव्य नसतं. उरलेलं फ्रिजमध्ये जपून ठेवण्याऐवजी टाकून द्या. धुतलेल्या चेहऱ्यावर, डोळे आणि ओठांभोवतीची जागा सोडून पातळ थर द्या. ओट्स, मध, दही १० ते १५ मिनिटं, माती त्याहून कमी. मिश्र त्वचेला कपाळ-नाकावर माती आणि गालांवर ओट्स असं एकाच वेळी लावलं तरी चालतं, उलट तेच योग्य.

काढताना घासायचं नाही. आधी ओल्या हाताने लेप पूर्ण भिजवा, मग कोमट पाण्याने वाहू द्या. टिपा आणि लगेच मॉइश्चरायझर. आठवड्यातून एकदा पुरे, फार तर दोनदा. एका वेळी एकच नवा पदार्थ, आणि कुठल्या तारखेला काय लावलं ते फोनमध्ये नोंदवा. लग्नकार्याच्या आधीचे दोन आठवडे कुठलाही नवा प्रयोग करायचा नाही. आग व्हायला लागली तर घड्याळ बघत बसू नका, तडक धुवा. 'झोंबतंय म्हणजे काम करतंय' यासारखं चुकीचं वाक्य या विषयात दुसरं नसेल.

चेहऱ्यापासून लांब ठेवायच्या गोष्टी

लिंबू सगळ्यात वर. आंबटपणा सोडा, त्याच्या सालीत आणि रसात फ्युरोकूमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखी प्रतिक्रिया येते. लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. म्हणून लोकांना लिंबाची शंकाही येत नाही. आधी लाली, कधी फोड, आणि मग कित्येक आठवडे ते महिने टिकणारे तपकिरी डाग. डाग घालवायला गेलेल्या माणसाला डाग देऊन जाणारा हा उपाय आहे.

खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट नको. न पातळ केलेलं व्हिनेगर, कच्चा लसूण आणि दालचिनी त्वचा अक्षरशः भाजतात. साखरेचे, मिठाचे, अक्रोडाच्या कवचाचे खडबडीत स्क्रब टाचांवर, कोपरांवर ठीक, गालांवर नको. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याने चेहरा ताणला जातो तो वाळलेल्या पापुद्र्यामुळे, आणि ओठांजवळ साल्मोनेलाची शक्यता फुकट.

लेप बाजूला ठेवून डॉक्टरांकडे कधी जायचं

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण ते फार दिसतं. मानेच्या मागे, काखेत त्वचा काळवंडते, जाड होते, हात फिरवला तर मखमलीसारखी लागते. घरचे म्हणतात, नीट घासून आंघोळ कर. मग लिंबू, सोडा, बेसन, दगड, सगळं होतं आणि मान आणखी काळी पडते. हा मळ नसतोच. बहुतेक वेळा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असते, आणि तिथे रक्तातली साखर तपासणं, वजन, जेवण यांवर काम करावं लागतं. ते सुधारलं की मान हळूहळू फिकी होते. घासण्याने होत नाही.

तसंच हनुवटी आणि जबड्याच्या रेषेवर दुखरी, खोल मुरमं येत असतील आणि जोडीला पाळी अनियमित असेल तर संप्रेरकांची तपासणी हवी. कितीही मॉइश्चरायझर लावलं तरी त्वचा कोरडीच राहते, थंडी फार वाजते, थकवा असतो, तर थायरॉइड बघावं. अंगावरच्या तिळाचा आकार, रंग किंवा कडा बदलत असतील, एखादी जखम महिनाभर भरत नसेल तर थांबू नका. खड्डे पाडणारी मुरमं असतील तर घरगुती उपायांत महिने घालवू नका. खड्डे नंतर सहज जात नाहीत.

डॉक्टरांकडे जाताना चेहऱ्याला काही न लावता जा. आतापर्यंत जे जे लावलं आणि खाल्लं त्याची यादी, गोळ्यांच्या बाटल्या आणि त्वचा सगळ्यात वाईट होती त्या दिवसाचा फोटो सोबत घ्या. 'घरगुतीच होतं' म्हणून लेपांची नावं यादीतून गाळू नका.